मडगार्डवरचं नाव

मी जळका माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला थोर समजायला नको. दिवाळी अंकात निवृत्त माणसं लिहितात तेव्हा ती बहुतेक समाधानी असतात. साहेबांनी पाठ थोपटलेली असते, निरोपाला घड्याळ मिळालेलं असतं. मला घड्याळ मिळालं नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही. मला हाव होती ती घड्याळापेक्षा साध्या गोष्टीची. वाटीभर रंग, एक बारीक ब्रश आणि एका गाडीच्या पुढच्या मडगार्डवर माझं नाव.

मी नागपूरजवळच्या कामठीचा. आडनाव मेश्राम. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि ओमानला गेलो. मस्कतच्या बाहेर माबेला म्हणून वस्ती आहे. आमच्यासारख्यांना परवडणारी घरं तिथेच, आणि गॅरेजांची वसाहतही तिथेच, तिला सगळे सनैया म्हणतात. त्या सनैयात मी इंजिनं बांधली. आधी टॅक्सीची, पिकअपची, पाण्याच्या टँकरची. मग आमच्या मालकाला, सालिम अर्बाबला, जुन्या शर्यतीच्या गाड्यांचं वेड लागलं आणि माझं नशीब पालटलं, निदान मला तसं वाटलं. मालकाला तिकडे अर्बाब म्हणतात. हा अर्बाब सिमेंटचा व्यापारी होता, पण त्याचा जीव या गॅरेजात होता.

या गाड्या म्हणजे ड्रॅग रेसच्या. ड्रॅग रेस म्हणजे काय ते मी एकदा सुट्टीत सासऱ्यांना समजावून सांगितलं होतं. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या. समोर पाव मैलाचा सरळ रस्ता. हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि जो आधी पोचेल तो जिंकला.

"वळणं?" सासऱ्यांनी विचारलं.

"वळणं नाहीत."

"मग पुढं?"

"पुढं काही नाही. संपलं."

सासरे मुलीकडे बघून म्हणाले, "एवढ्यासाठी हा माणूस समुद्रापलीकडं गेला?"

पण त्या एवढ्याशा पट्टीसाठी अमेरिकेत साठच्या दशकात लोकांनी जिवाचं रान केलेलं. रोजच्या वापरातली दोन दारांची गाडी घ्यायची, तिच्यातलं नको ते सगळं काढून फेकायचं, नाक वर करायचं, मागे रुंद चाकं लावायची आणि आठ सिलिंडरचं मोठं इंजिन घरच्या अंगणात बांधून आत बसवायचं. त्या गाड्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. जगभरचे शौकीन त्या शोधून काढतात आणि होत्या तशा करून घेतात. 'होत्या तशा' या दोन शब्दांनी माझी झोप उडवली. नवी करणं सोपं असतं. होती तशी करायची म्हणजे जुना ओरखडासुद्धा घालवायचा नाही. एकदा घालवलेला मूळ रंग कुठल्याही दुकानात मिळत नाही, हे अर्बाब येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा.

आणि त्या गाड्यांच्या अंगावर नावं असतात, हाताने रंगवलेली. दारावर गाडीचं टोपणनाव, खाली चालवणाऱ्याचं, आणि पुढच्या मडगार्डवर लहान अक्षरांत इंजिन बांधणाऱ्याचं. ते नुसतं मिरवणं नसतं. इंजिन फुटलं तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं हे लोकांना कळावं म्हणून ते लिहिलेलं असतं. ज्याचा हात इंजिनाला लागला त्याचंच नाव लागतं. हा रिवाज कळला त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

आमच्या गॅरेजात दाऊद मुकादम म्हणून पेंटर होता, रत्नागिरीचा. अक्षर काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी शौकीन मंडळी गाड्या बघायला यायची, ओमानी असायची, गोरी असायची, आणि थेट मुकादमच्या कामापुढे जाऊन उभी राहायची. "माशाल्ला, माशाल्ला." रंग डोळ्यांना दिसतो. माझं काम टॅपेट कव्हर नावाच्या झाकणाखाली बंद. ते बघायला कोण कव्हर उघडतो?

मुकादमवर मी किती जळायचो त्याचा एकच मासला सांगतो. निझव्याच्या एका शौकिनाने एक लांबलचक, सुईसारखी गाडी आमच्याकडे दिली होती. तिच्या मागच्या पत्र्याला एक खड्डा होता. मुकादमने प्रेमाने, न सांगता, तो ठोकून सपाट केला. गाडीचा मालक आला, त्याने मागे हात फिरवला आणि तिथेच टायरवर बसून रडायला लागला. ती गाडी कधीकाळी कुंपणावर आदळली होती, तेव्हाचा तो खड्डा. गाडीचा एकुलता एक जुना फोटो होता तोही त्या खड्ड्यासकट. मुकादमचं तोंड उतरलं. मग त्याने तो फोटो समोर लावला, वाळूची पिशवी घेतली, लाकडी हातोडा घेतला आणि खड्डा परत पाडला. अगदी होता तसा. पुढच्या शुक्रवारी लोक येऊन त्या खड्ड्यात बोटं फिरवत होते. त्याच गाडीच्या इंजिनातला मुख्य दांडा, क्रँक, मी हाताने घासून आणला होता. त्याच्याबद्दल एका माणसाने विचारलं असेल तर शपथ.

"मुकादम, तू पत्रा बिघडवला तरी लोक टाळ्या वाजवतात," मी म्हटलं.

"तुजा काम चांगला हाय रं," तो म्हणाला. "पन दिसत नाय. मी काय करू?"

असा सगळा मामला चालू असताना ती गाडी आली.

कंटेनर उघडला तेव्हा आतून जुन्या तेलाचा वास आला. गाडी मूळची निळी, बराच रंग उडालेला. शर्यतीची म्हणून उभं आयुष्य काढलेली आणि मग कुणाच्या तरी कोठारात पडून राहिलेली. पण नावं शाबूत होती. मडगार्डवर पांढऱ्या तिरप्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इंजिन बाय ऑर्विल'. आडनाव नाही, गाव नाही. जणू ऑर्विल म्हटलं की जगाला कळायलाच हवं. मला तो माणूस त्याच क्षणी आवडेनासा झाला.

अर्बाब म्हणाला, "मेश्राम, ये गाड़ी मेरा जान है. इंजिन तुम देखेगा. दूसरा कोई हाथ नहीं लगाएगा."

"अर्बाब, फिर नाम?" मी चाचरत विचारलं. मी मनातली गोष्ट पहिल्यांदाच बोलत होतो.

"कौन सा नाम?"

मी मडगार्डकडे बोट दाखवलं. अर्बाबला वाटलं, अक्षरं पुसट झाल्याची मी तक्रार करतो आहे. "मुकादम साफ करेगा. लेकिन इसको कोई हाथ नहीं. ये ओरिजिनल है."

इंजिन उघडल्यावर माझा जळफळाट आणखी वाढला, कारण काम उत्तम होतं. हवा आत जाण्याच्या वाटा त्या माणसाने हाताने घासून रुंद केल्या होत्या, आठही सिलिंडरच्या, जिथे कुणाची नजर कधीच पोचणार नाही तिथेही गुळगुळीत. काम भिकार असतं तर मी सुखी झालो असतो. चूक शोधायला मी टॉर्च घेऊन बसायचो आणि उठताना तोंड कडू व्हायचं.

पण काळाने त्याच्या कामाची वाट लावली होती. आत राहिलेलं पाणी गोठून ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडाला, तडा गेला होता. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम झिजलेला, पिस्टन चिकटलेले. लोखंडाच्या तड्याला वेल्डिंग केलं की तो शेजारी दुसरा पडतो, म्हणून मी थंड टाके घातले. तड्याच्या ओळीने भोकं पाडायची, त्यात आटे पाडून पिना बसवायच्या, एकीत एक अडकवून, आणि वरून घासून टाकायचं. हे काम घाईचं नाही. त्या दिवसांत दुक्मला रिफायनरीच्या प्रोजेक्टवर मला चांगली जागा चालून आली होती. बायको, वंदना, म्हणाली, "जा." मी गेलो नाही. ती म्हणाली, "त्या गाडीत काय आहे एवढं?" मी तिला टाक्यांबद्दल सांगितलं. नावाबद्दल सांगितलं नाही.

शेवटी शेवटी त्या इंजिनात ऑर्विलचा फक्त ब्लॉक आणि हवेच्या वाटा घासलेली वरची हेडं उरली. त्या हेडांतले व्हॉल्व्हसुद्धा मी नवे घालून, घासून बसवले होते. पिस्टन, कॅम, बेअरिंग, सगळी मापं माझी. सुरू केलं तेव्हा गॅरेजातली पोरं हातातलं काम टाकून आली. मुकादमसुद्धा आला. तो काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. मुकादमला गप्प केलं याचा मला अजूनही आनंद आहे.

मग अर्बाबने गॅरेजच्या अंगणात मोठं प्रदर्शन ठेवलं, कामगारांच्या कुटुंबांनाही बोलावलं. वंदना मवालेहच्या बाजारातून भाजी घेऊन तशीच आली, दोन्ही हातांत पिशव्या. आमची मुलगी सानिका तेव्हा सहावीत होती. तिला मी घरी इतकं काही सांगितलं होतं की तिने आल्या आल्या गाडीला प्रदक्षिणा घातली. मग दुसरी घातली. मागे वाकून पाहिलं, दारं पाहिली.

"पप्पा, तुमचं नेम कुठे आहे?"

"माझं नाही ना."

"बट इंजिन तुम्ही केला ना?" तिचं मराठी असंच आहे, शाळेतल्या इंग्रजीने अर्धं केलेलं. तिने मडगार्डवरची अक्षरं वाचली. "हू इज ऑर्विल?"

"होता एक म्हातारा. गेला."

तो गेला होता की नाही मला काही ठाऊक नव्हतं. मी त्याला मनातल्या मनात केव्हाच मारून टाकलं होतं. सानिका म्हणाली, "दॅट्स नॉट फेअर," आणि आईच्या पिशवीतलं सफरचंद काढून खायला लागली. मी तिथून उठून आत गेलो आणि उगाच पाने आवरत बसलो. त्या दिवशी मला जितकं लागलं तितकं एरवी कधी लागलं नाही.

थोड्याच दिवसांत अर्बाब नाचत आला. शौकिनांच्या गोतावळ्यातून त्याला कळलं होतं की ऑर्विल जिवंत आहे. वय ऐंशीच्या पुढे. अर्बाबने त्याला विमानाचं तिकीट पाठवलं होतं. आपली जुनी गाडी पट्टीवर पळताना बघायला तो मस्कतला येणार होता.

"मेश्राम, खुश है ना?"

"बहुत खुश, अर्बाब," मी म्हटलं.

हिवाळ्यातल्या एका सकाळी तो आला. उंच, वाकलेला, डोक्याला टोपी. हात मोठे, पण बोटं सारखी थरथरत होती. त्याने ती खिशात घालून ठेवली होती. अर्बाबने कहवा दिला, खजूर दिले, शौकिनांनी फोटो काढले. म्हाताऱ्याचं लक्ष गाडीकडे. त्याचं इंग्रजी नाकातून यायचं, मला अर्धंच कळायचं, पण धंद्याची भाषा कळायला फार शब्द लागत नाहीत. "सुरू करा," तो म्हणाला.

मी सुरू केलं. त्याने डोळे मिटले. खिशातून एक हात काढून मडगार्डवर ठेवला, आपल्याच नावावर. बराच वेळ ऐकत राहिला. मग मला खूण केली, बंद कर.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

अर्बाबचा चेहरा पडला.

"माझं इंजिन इतकं नीट कधीच चाललं नव्हतं," म्हातारा म्हणाला. "कुणी बांधलं हे?"

अर्बाबने माझ्याकडे बोट केलं. माझ्या छातीत काय झालं ते मी लिहीत बसत नाही. पण म्हातारा तिथे थांबला नाही. त्याने अर्बाबला सांगितलं, माझं नाव पुसून टाका. मी या इंजिनाची जबाबदारी घेऊ शकत नाही. ब्लॉक जुना असेल, पण आतला हात माझा नाही. नाव ज्याचा हात त्याचं.

मुकादम माझ्या कानाशी लागला. "मेश्राम, नशीब उघडला तुजा. ब्रश काडू?"

काढ, असं मी म्हणणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं.

"नहीं, नहीं," अर्बाब म्हणाला. आधी हिंदीत, मग इंग्रजीत. नाव गेलं तर गाडी गेली. लोक गाडी बघायला येतात ते या नावासाठी. म्हातारा ऐकेना, अर्बाब ऐकेना. दोघेही अदबीने बोलत होते, एकमेकांना खजूर पुढे करत होते आणि इंचभर सरकत नव्हते. गंमत बघा, त्या मडगार्डवरून ते नाव जावं असं जगात दोघांनाच वाटत होतं, मला आणि खुद्द ऑर्विलला.

मग म्हाताऱ्याने तोड काढली. म्हणाला, "मला एक तरी टॅपेट लावू द्या. हात लागला की नाव खोटं राहणार नाही."

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. त्या इंजिनात सोळा व्हॉल्व्ह असतात. ते उघडणारे दांडे आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवायची असते. पातळ पत्तीने ती मोजतात, त्या पत्त्यांच्या जुडग्याला फिलर गेज म्हणतात. स्क्रू फिरवून फट जुळवायची आणि वरून नट आवळायचा. यालाच आमच्यात टॅपेट लावणं म्हणतात. फट कमी राहिली तर व्हॉल्व्ह जळतो. जास्त राहिली तर नुकसान नाही, नुसता टिकटिक वाजत राहतो. बरोबर असेल तर कानाला काही कळत नाही.

अर्बाब लगेच तयार झाला. पण म्हातारा अर्बाबकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे वळला. "इंजिन तुझं आहे," तो म्हणाला. "लावू का?"

नाही म्हणायचं माझ्या हातात होतं. एवढ्या वर्षांत मला कुणी माझ्या कामाबद्दल परवानगी मागितली नव्हती. नाही म्हटलं असतं तर म्हातारा अडून बसला असता आणि त्याचं नाव ठेवणं अर्बाबला जड गेलं असतं. कदाचित पुसलंही असतं. हे सगळं माझ्या डोक्यात स्पष्ट होतं. पण त्याने मला विचारलं होतं. माझं इंजिन म्हणून विचारलं होतं. मी कव्हर उघडलं आणि फिलर गेज त्याच्या हातात दिलं. देताना मनात म्हटलं, घे बाबा, माझं नाव तूच घेऊन जा.

त्याने शेवटच्या सिलिंडरचा धुराचा व्हॉल्व्ह निवडला. पत्ती आत सरकवली, स्क्रू जुळवला. तोवर ठीक होतं. मग नट आवळायची वेळ आली. नट आवळताना स्क्रू दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवायचा असतो, नाहीतर तो जागचा सरकतो. शिकाऊ पोरं हीच चूक करतात. म्हाताऱ्याची बोटं थरथरली आणि स्क्रू किंचित उलटा सरकला, फट वाढली. मी ते पाहिलं. आजूबाजूला शौकिनांचे फोन वर धरलेले, अर्बाब हात जोडून उभा. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ऐंशीच्या पुढच्या माणसाला इतक्या लोकांत काय सांगायचं?

गाडी सुरू झाली. टिक, टिक, टिक. बाकी सगळं मऊ आणि त्यात ती एक टिकटिक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टीवर गाडी पळाली. पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि लोक ओरडले. म्हातारा कठड्याला धरून माझ्या शेजारी उभा होता. गाडी लांब जाऊन बारीक झाली तेव्हा तो माझ्या हातांकडे बघत म्हणाला, "आय एन्व्ही यू." एवढं इंग्रजी मला येतं. वर्षभर मी ज्याच्यावर जळलो तो माणूस माझ्यावर जळत होता. मला त्याला सांगावंसं वाटलं की मीही तुमच्यावर. पण इंग्रजी जुळेना, आणि खरं सांगायचं तर मोठेपणही जुळेना. मी नुसतं "थँक यू" म्हटलं. हेवा दोन्हीकडून चालू होता आणि पदरात कुणाच्याच काही पडत नव्हतं.

विमानतळावर निघताना त्याने मला बाजूला घेतलं. "तो टॅपेट," तो म्हणाला, "मी गेलो की नीट कर."

मी लगेच करायला गेलो. अर्बाब वाटेत आडवा आला.

"क्या करता है?"

"अर्बाब, एक टॅपेट बजता है. दो मिनट का काम है."

"वो ऑर्विल का हाथ है," अर्बाब म्हणाला. "उसको कोई नहीं खोलेगा. खलास." आणि त्याने मुकादमकडून कव्हरच्या बोल्टवर रंगाचे लाल ठिपके मारून घेतले, कुणी उघडलं तर कळावं म्हणून.

त्यानंतरचे शुक्रवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. अर्बाब गाडी सुरू करायचा, बोट वर करून सगळ्यांना गप्प करायचा आणि म्हणायचा, "सुनो, सुनो." माणसं माना तिरप्या करून ती टिकटिक ऐकायची. फोनवर रेकॉर्ड करायची. एक गोरा बायकोला घेऊन आला आणि तिला ते ऐकवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कोपऱ्यात चहा पीत उभा. टाके घातलेला ब्लॉक, जुळवलेला कॅम, वर्षभराची मापं, कुणाला काही नाही. माझ्या सगळ्या इंजिनात एकच गोष्ट चुकलेली होती आणि नेमकी तीच ऐकायला लोक मैलोन्‌मैल तुडवून येत होते. चुकलेली होती म्हणून आणि माझी नव्हती म्हणूनही. मी मुकादमला म्हटलं, "माणसं मूर्ख आहेत." तो म्हणाला, "मूर्ख नाय रं. त्यांना ऐकायला कायतरी पायजे." मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

पुढे अर्बाबचा धंदा बसला आणि गाड्या विकाव्या लागल्या. निळी गाडी अबुधाबीच्या एका शौकिनाने नेली. ती ट्रकवर चढली त्या दिवशी मी रजा टाकली.

मग एका दुपारी फोन आला. तिकडचा मेकॅनिक बोलत होता, कुट्टी नावाचा मल्याळी माणूस. अर्बाबने त्याला माझा नंबर दिला होता. नवा मालक परदेशी गेला आहे, गाडी माझ्या ताब्यात आहे, तो म्हणाला. "भाईसाब, लास्ट सिलिंडर का एक टॅपेट बजता है. ऊपर लाल निशान है, इसलिए पूछा. सेट कर दूँ?"

वंदना समोर भाजी निवडत होती. तिने खुणेनेच विचारलं, कोण? मी हात वर केला.

कर म्हटलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं. म्हाताऱ्याने तर मला तेच सांगितलं होतं. टिकटिक गेली असती, मग ऑर्विलचं त्या इंजिनातलं शेवटचं बोट निघालं असतं आणि मडगार्डवर नुसतं खोटं नाव उरलं असतं. मला हे सुचलं आणि बरंही वाटलं. मग दुसरं सुचलं. तो एक वाजतो आहे तोवरच तो कुणाचा आणि बाकीचे कुणाचे हे सांगता येतं. तो गप्प झाला की सोळाही त्याच नावाखाली जाणार.

"उसको हाथ मत लगाना," मी म्हटलं. "वो ऑर्विल का है. उसने खुद लगाया है."

"अच्छा," कुट्टी म्हणाला. "और बाकी पंद्रह?"

"बाकी पंद्रह मेरे हैं. मेश्राम के."

तो म्हणाला, "भाईसाब, उनका तो आवाज़ ही नहीं आता."

मी त्याला म्हटलं, लाइन खराब आहे, काय म्हणालात ते परत सांगा. लाइन अगदी स्वच्छ होती.